निऑनच्या टाकीत एंजल राहील का?

प्रश्न साधा होता. पाणवनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत निऑन टेट्रा हे बोटाच्या पेराएवढे मासे सुखाने नांदत असतील, तर त्याच टाकीत तळहाताएवढा वाढलेला एंजलमासा सोडता येईल का? हा प्रश्न मला माझ्या थोरल्या बहिणीने फोनवर विचारला होता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तराआधी पद्धत मांडतो, तशी मी ती मांडली आणि मग उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते असे मला आजही सिद्ध करता येत नाही. बरोबर होते असेही सिद्ध करता येत नाही. मध्ये जे घडले ते क्रमाने सांगतो.

आधी टाकीविषयी. डोंबिवलीच्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूरच्या भिंतीला लागून चार फुटांची टाकी आहे. खिडकीपासून दूर अशासाठी, की थेट ऊन आले तर काचेवर शेवाळ धरते आणि वनस्पतींच्या वाट्याचे तेच खाऊन टाकते. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाची लांब पाती आहेत, मध्ये ओंडक्याला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न आणि पुढे बुटके क्रिप्टोकोरीन. मधल्या पाण्यात निऑनचा थवा, तळाशी वाळू हुंगत फिरणारे कोरीडोरास आणि वरच्या पाण्यात हनी गुरामीची एक जोडी. फिल्टर आणि दिव्याच्या वायरी टाकीखालच्या लाकडी कपाटात जातात. बटणेही आतच आहेत, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.

मासे निवडताना मी काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतो. पहिला प्रश्न पाण्याचा. नळाचे पाणी मृदू असेल तर मृदू पाण्यातले मासे घ्यावेत. गप्पीला जरा क्षारयुक्त पाणी मानवते, निऑनला नाही. गोल्डफिशला थंड पाणी हवे असते, शिवाय तो वनस्पती मुळासकट उपटतो, म्हणून तो दोन कारणांनी बाद. दुसरा प्रश्न तोंडाचा. मोठ्या माशाच्या तोंडात लहान मासा मावत असेल तर तो आज ना उद्या तिथे जाणार. यात दुष्टपणा नाही, माप आहे. तिसरा प्रश्न थराचा: कोण वर राहतो, कोण मध्ये, कोण तळाशी. सगळे एकाच थरातले घेतले तर टाकी कितीही लांब असली तरी दाटीच होते. स्वभावाचा प्रश्न मी शेवटी विचारतो, कारण दुकानदार तो सर्वांत आधी सांगतात. टायगर बार्ब एकटादुकटा असला की दुसऱ्यांचे पर कुरतडतो. मोठ्या घोळक्यात असला की भांडण आपसात ठेवतो. म्हणजे स्वभावही पुष्कळदा संख्येवर ठरतो.

दुकानात विचारले तर उत्तर मिळते, ‘सगळं चालतं काका, हे बघा, एकत्रच तर ठेवलेत.’ ते खोटे नसते. पण दुकानातली टाकी ही धर्मशाळा असते आणि घरातली टाकी हे बिऱ्हाड असते. धर्मशाळेत कोणाचे कोणाशी पटते हे कळण्याआधीच माणसे निघून गेलेली असतात.

माझी पत्नी या सगळ्या छाननीला हसते. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या घरच्यांनी तिची एवढी चौकशी केली असती तर आपली तळाच्या कोरीडोरासांतसुद्धा निवड झाली नसती, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

माझी बहीण ठाण्यात कोलशेतच्या बाजूला राहत असे. मेहुणे तिथल्याच एका कारखान्यात विद्युत विभागात होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी टाकी ठेवली होती. माझ्यासारखी वनस्पतींची नव्हे. साधी, मोठी, तळाला गोटे घातलेली. तिच्यात एंजलच होते. ते एकेक करून म्हातारे होऊन गेले आणि शेवटी एक उरला, रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे असलेला. मग मेहुणेही गेले. त्यानंतर बहिणीने त्या एकट्या एंजलला सांभाळले. देवपूजा झाली की हात पुसून ती टाकीपाशी जायची आणि तो काचेशी यायचा. तो मला ओळखतो, असे ती म्हणायची. मासे रोजच्या वेळेला आणि हालचालीला ओळखतात हे मी तिला एकदा समजावून सांगितले होते. ती म्हणाली, “तेच म्हणते मी.”

तिची इमारत पुनर्विकासाला गेली. रहिवाशांनी घरे रिकामी करायची, पाडकाम होऊन नवी इमारत उभी राहायची आणि मग परत यायचे. मुलगी परदेशी असल्याने तोवर तिने आमच्याकडे राहावे असे पत्नीने आणि मी दोघांनीही सांगितले. तिने बरेच आढेवेढे घेतले. लग्न झालेल्या बहिणीने भावाकडे चार दिवस यावे, सणाला यावे; बिऱ्हाड घेऊन येऊ नये, अशी तिची धारणा. शेवटी ती तयार झाली आणि त्यानंतर लगेच तिने तो फोन केला. सामानाचे काय, हे विचारण्याआधी.

“अरे, तुझ्या टाकीत एकाची जागा होईल का?”

मी आकार विचारला. पाणी कोणते ते विचारले. ते बोअरवेल आणि नळाचे मिसळलेले निघाले. तो काय खातो, किती खातो, कोणाच्या अंगावर जातो का, हेही विचारले. तिने सगळ्याची उत्तरे दिली आणि मग म्हणाली, “मास्तर, पोराला पहिलीत घालताना एवढं विचारत नाहीत.”

मी तिला तोंडाच्या मापाचा नियम सांगितला. पूर्ण वाढलेला एंजल निऑन गिळू शकतो, जंगलातल्या नद्यांतही गिळतो. तेव्हा त्याला माझ्या टाकीत सोडता येणार नाही.

“म्हणजे नाही.”

“नाही असं नाही. त्याला वेगळी टाकी लावू. तुझ्याच खोलीत.”

ती मग म्हणाली, “चालेल. फक्त तो जगायला हवा रे. नव्या घरात मला यांची तेवढी एक गोष्ट जिवंत न्यायची आहे.” तिने ते इतक्या सरळ सांगितले, की मी त्याला उत्तरसुद्धा दिले नाही. माझ्या मते उत्तर नव्या टाकीनेच द्यायचे होते.

ती आली तेव्हा एंजल रंगाच्या रिकाम्या, धुतलेल्या डब्यात होता आणि डबा तिच्या मांडीवर होता. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत तिने ड्रायव्हरला वेगाने जाऊ दिले नव्हते. “हळू घ्या, आत माणूस आहे,” असे ती त्याला सांगत होती आणि तो आरशातून पुन्हापुन्हा डब्याकडे बघत होता.

तिच्या खोलीसाठी मी दोन फुटांची टाकी आणून ठेवली होती. तिच्यातला स्पंजचा फिल्टर मी माझ्या टाकीत आधी काही आठवडे चालवून घेतला होता. हे थोडे समजावून सांगायला हवे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. स्पंजच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू त्याचे रूपांतर करून त्याचे विष उतरवतात. नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू नसतात, म्हणून नव्या टाकीतले मासे मरतात आणि लोक म्हणतात, पाणी लागले नाही. मी फिल्टर आधीच तयार केला होता. पाण्याचा फरक एकदम बसू नये म्हणून एंजलच्या डब्यात नव्या टाकीचे पाणी सलाइनच्या नळीने थेंबथेंब सोडले. बहीण शेजारी स्टूल घेऊन बसली होती. नळीकडे बघत ती म्हणाली, “यांना लावली होती तशीच की रे ही.” मग ती उठून चहा करायला गेली.

पहिले काही दिवस चांगले गेले. मग सकाळी एंजल पृष्ठभागाजवळ येऊन श्वास घेताना दिसू लागला. पाणी तपासले तर अमोनिया होता. तो असायला नको होता. मी खाणे कमी केले, निम्मे पाणी बदलले. आकडा उतरला आणि पुन्हा चढला. मी माझ्या टाकीतला जुना स्पंज आणून त्याचा गाळ नव्या फिल्टरवर पिळला. पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हे मी मुलांना शिकवत आलो होतो. त्याप्रमाणे मी एकेक गोष्ट बदलत होतो आणि प्रत्येक बदलाला पुरेसा अवधी देत होतो. एंजलचे पर मिटत चालले होते.

मी पाणी तपासायला बसलो की तपासणीच्या नळीतला रंग बहीण माझ्या आधी वाचू पाही आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघे. एकदा तिने विचारले, “तुझ्या टाकीत असं होत नाही ना?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “तेच विचारलं फक्त.”

ती काय विचारत होती हे पत्नीला तेव्हाच कळले. स्वयंपाकघरात तिने मला हळू आवाजात सांगितले, “घाला की त्याला तिकडे. खाल्ले चार निऑन तर खाल्ले. पुन्हा आणता येतील.” मी तिला म्हणालो की आजारी मासा चांगल्या टाकीत घालू नये, आधी कारण सापडले पाहिजे. हेही नियमाला धरूनच होते. पण तिच्या वाक्यातला दुसरा भाग, कोणता मासा पुन्हा आणता येतो आणि कोणता येत नाही, हा माझ्या प्रश्नांच्या क्रमात कुठेच नव्हता.

शेवटी, कारण न सापडताच, मी एंजलला मोठ्या टाकीत सोडले. त्या संध्याकाळी हातात जाळी घेऊन मी टाकीसमोर बसून होतो. निऑनचा थवा एकत्र आवळून व्हॅलिसनेरियाच्या पात्यांमागे गेला. एंजल पुढच्या बाजूला, फिल्टरचे पाणी पडते तिथे, त्या ओघात तोंड घालून स्थिर राहिला. हिरव्या पात्यांसमोर त्याचे ते उभे पट्टे असे दिसत होते, की पत्नी हातातले काम सोडून आली. एंजल मुळात अशाच पाणगवतात राहणारा मासा आहे आणि ते पट्टे तिथे लपण्यासाठीच असतात. बहिणीने त्याला प्रथमच वनस्पतींमध्ये पाहिले.

“यांनी बघायला हवा होता असा,” ती म्हणाली.

पुढच्या दिवसांत मी रोज सकाळी निऑन मोजत असे. एकही कमी झाला नाही. बहिणीने ते लक्षात ठेवले होते. “बघ, बोटसुद्धा लावलं नाही त्यानं तुझ्या पोरांना,” ती म्हणाली आणि त्या बोलण्यात थोडा विजय होता. एंजलने त्या दिवसांत खाण्यालाही तोंड लावले नव्हते. जो मासा काहीच खात नाही, त्याने निऑन खाल्ले नाहीत यावरून काही सिद्ध होत नाही. हे मी तिला सांगितले नाही. एवढे तरी मला तेव्हा कळले.

मग तिच्या इमारतीच्या रहिवाशांची सभा ठाण्यात ठरली आणि आम्ही तिघे दुपारी निघालो. पत्नी किल्ल्या घेऊन दारात उभी होती. बहिणीने बैठकीच्या खोलीतला पंखा बंद केला, दिवा बंद केला. मग टाकीशी वाकून इकडेतिकडे बघत म्हणाली, “अरे, याचं बटण कुठे आहे? माझ्या खोलीतल्यासारखं बाहेर दिसत नाही.”

मी विचारले, बटण कशाला.

“बाहेर पडतोय ना आपण.”

आमचे वडील कल्याणला भाड्याच्या बिऱ्हाडात राहत तेव्हा दिव्याचा मीटर घरमालकाबरोबर सामाईक होता. खोलीतून पाय बाहेर ठेवताना काही चालू राहिले नाही ना म्हणून मागे वळून भिंतीवरच्या बटणांच्या फळीकडे बघायचे, हे आम्हा भावंडांच्या हाडात आहे. मीही ते करतो. माझ्या टाकीची बटणे कपाटात गेली ती बहुधा त्यामुळेच, पण मी कधी तसा विचार केला नव्हता. बहिणीच्या खोलीतल्या टाकीचे बटण मात्र दाराजवळच्या फळीवर, पंख्याच्या आणि दिव्याच्या शेजारी होते. हात एकदा फिरवला की तिन्ही बंद होतील असे. मासे इतकी वर्षे पाळलेल्या बाईला फिल्टर सतत चालू ठेवायचा असतो हे काय सांगायचे, असे मी धरून चाललो होतो. आणि मला ते कधी दिसले नाही, कारण बहीण खोलीत नसताना मी तिथे जात नसे. ती खोली तिला स्वतःची वाटावी म्हणून मी तो नियम पाळत होतो. ती खोलीत असली आणि जागी असली की फिल्टर चालू असे. ती बाहेर पडली की बंद, निजली की बंद. पाण्याचा ओघ थांबला की स्पंजमधले जिवाणू गुदमरतात. रोज थोडे जगत होते, रोज पुष्कळ मरत होते.

हे सगळे मला त्या एका क्षणात कळले. मी म्हणालो, “ताई, ते चालूच असतं. बंद करायचं नसतं.”

“कधीच?”

“कधीच.”

ती सरळ उभी राहिली. “आमच्याकडे बटणच नव्हतं,” ती म्हणाली. “यांनी वायर थेट नेली होती, भिंतीच्या कडेनं. मी किती बोलले असेन त्यावरून, की चारचौघांसारखं बटण लावा म्हणून.”

पत्नी दारातून म्हणाली, “वन्सं, नवी टाकी होती, पाणी लागलं नसेल त्याला.” मीही तेच पुढे नेले. लहान टाकीत अमोनियाचे प्रमाण लवकर वाढते, तेव्हा बटणाचा संबंध असेलच असे म्हणता येणार नाही, असे काहीतरी बोललो.

बहीण म्हणाली, “खोटं बोलताना तू फार नीट वाक्यं करतोस.” त्यात राग नव्हता. ती पायात चपला घालू लागली, मध्येच थांबली आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाली, “म्हणजे यांना ठाऊक होतं. मी बंद करणार म्हणून.”

सभेत तिच्या जुन्या शेजारणीने माशाची चौकशी केली. बहिणीने सांगितले की तो बरा आहे, मोठ्या टाकीत गेला आहे. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एंजल गेला. अमोनियाने कल्ल्यांना झालेली इजा चांगल्या पाण्याने भरून आली नाही. आम्ही त्याला गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. माती बहिणीनेच घातली. तिने मला दोष दिला नाही आणि स्वतःलाही मोठ्याने दिला नाही. मी तिला म्हणालो की नवे घर झाले की आपण एंजलची लहान पिल्ले आणू. लहानपणापासून एकत्र वाढवली तर त्यांच्यातली एक जोडी जमते. ती म्हणाली, “घर होऊ दे. मग बघू.” काही महिन्यांनी तिने विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, ओळखीच्या एका बाईंच्या शेजारी, लहानसे घर भाड्याने घेतले. ओळखीच्या सोबतीसाठी जाते, असे तिने सांगितले. आम्ही तिला राहण्याचा आग्रह केला आणि तिने तो हसून परतवला. आता ती सणाला येते, चार दिवस येते.

ती गेल्यावर एकदा जेवताना पत्नी म्हणाली, “आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला गादी देतो आणि आपण सतरंजीवर झोपतो. ते निऑन का नाही काढलेत त्या लहान टाकीत?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले. निऑन नाजूक असतात, त्यांनाही मुरलेली टाकीच लागते, हे उत्तर तयार होते आणि ते खरेही आहे. पण ते सुचले होते आता. तेव्हा, त्या फोनवर, हा पर्याय माझ्या मनात आलाही नव्हता. कोण माझ्या टाकीत बसत नाही, एवढेच माझे प्रश्न मला सांगत होते. कोणाला थोडे हलवता येईल, हे विचारणारा एकही प्रश्न मी त्यांत ठेवला नव्हता. पहिल्याच दिवशी एंजल मोठ्या टाकीत गेला असता, तर त्या टाकीचे बटण तिला सापडलेच नसते. तो आज कदाचित असता. निऑन कदाचित नसते, किंवा तेही असते.

तेव्हा पाणवनस्पतींच्या टाकीत वाढलेला एंजल आणि निऑन एकत्र राहतात का, याचे माझ्याकडचे उत्तर इतकेच आहे: एकदा काही दिवस राहिले, पण तो मासा आजारी होता. एका आजारी माशावरून नियम करू नये, आणि तोंडाच्या मापाचा जो नियम मी वर दिला आहे तोही मी स्वतः निरोगी माशावर कधी पडताळून पाहिलेला नाही. तो मी वाचलेला आणि मानलेला आहे. ज्या वाचकांकडे अशी टाकी असेल, त्यांनी माझ्या सांगण्यावर न विसंबता हे स्वतः तपासून पाहावे, अशी विनंती आहे.